कोटांबरोबर नेलेली पिशवी

सोमवार

आज पुन्हा सोफ्याची मधली उशी ओली. सूनबाई तिथेच बसतात, बसतात कसल्या, पसरतात. मी विचारले, "पाणी सांडलं का गं?" तर म्हणे, "नाही आई. मला न कळतच जातंय. आतून थोडं थोडं पाणी गेल्यासारखं वाटतं." चेहरा असा केला की जणू मीच काहीतरी केले.

आठवा महिना चालू आहे. पोटातले पोर मूत्राशयावर ठाण मांडून बसले की दुसरे काय होणार? माझ्या वेळी मी शिंकले की कपडे बदलायला पळायचे. पण म्हणून घरभर दवंडी पिटली नव्हती.

हे इथे लिहिते आहे, कारण घरात तोंड उघडायची सोय राहिलेली नाही. "आई, परत सुरू झालीस?" हे माझ्या लेकाचे ठरलेले वाक्य. लग्नाआधी त्याला एवढी वाक्ये येत नव्हती.

खाली माझी लाँड्री आणि वर घर. नवरा गेल्यावर ही लाँड्री मी एकटीने ओढली. कपडा काउंटरवर पडला की मी लांबूनच सांगते, शाई की चहा की रक्त. त्यामुळे उशीचे कव्हर हातात घेतल्यावर फार विचार करावा लागला नाही. लघवी. काढले आणि मशीनमध्ये टाकले. पिवळेपणा तसा काहीच नव्हता, पण ही बाई दिवसभर पाण्याची बाटली तोंडाला लावूनच असते.

गेल्या महिन्यात हिने लेकाला सुचवले की खालचा बॉयलर काढून टाकू, बाळाला मोठी खोली होईल, आणि आईंनी तरी किती दिवस त्या वाफेत उभे राहायचे. माझी काळजी पुढे करून मला माझ्याच दुकानातून उठवायचे, हे न कळण्याइतकी मी दुधखुळी नाही. तेव्हापासून आमच्यात जेवढ्यास तेवढे बोलणे आहे. आज जे झाले ते जेवढ्यास तेवढ्यापेक्षा जास्त झाले.

मंगळवार

रात्री चादर भिजली म्हणून सकाळी दवाखान्यात जायचा हट्ट. लेक लगेच गाडीची चावी घेऊन तयार. मी म्हटले, जा, पण आधी नीट अंघोळ कर, साबण लावून खालपर्यंत स्वच्छ धू, धुतलेले कपडे घाल. ती नको म्हणत होती. म्हणे डॉक्टरांना आहे तसं दिसू दे. आहे तसे म्हणजे काय? डॉक्टरीणबाई माझ्या गिऱ्हाईक आहेत. त्यांचे पांढरे कोट गेली कित्येक वर्षे माझ्याकडे धुवायला येतात, कडक इस्त्रीचे, कॉलरला एक सुरकुती नसते. त्यांच्यापुढे माझी सून पारोशी जाऊन झोपणार? मी बाथरूमच्या दारापाशी उभी राहिले, पाण्याचा आवाज ऐकला, तेव्हाच हलले.

परत आली ती फणफणत. डॉक्टरीणबाईंनी आतून तपासले, पण साठलेले पाणी काही दिसले नाही. एक कागद लावून पाहिला, तो निळा झाला. निळा झाला म्हणजे गर्भपिशवीचे पाणी असू शकते, पण साबणानेही तो निळा होतो म्हणे. "साबण लावून धुतलं होतं का, असं विचारलं त्यांनी," ती म्हणाली आणि माझ्याकडे पाहिले. मी भांडी आवरायला घेतली.

आता नवीनच टूम. दिवसभर पॅड घालायचे, धुवायचे नाही, साबण नाही, आणि वापरलेले पॅड तसेच पिशवीत भरून उद्या सकाळी कुणीतरी दवाखान्यात आणून द्यायचे. डॉक्टरीणबाई ते उघडून बघणार. तिने स्वतः चालायचे फिरायचे नाही, पडून राहायचे. पडून राहायला तिला कुणी सांगावे लागते असे नाही.

लेक म्हणाला, "आई, उद्या तू कोट द्यायला जाणारच आहेस ना? ही पिशवी पण ने."

माझ्या हातातले भांडे पडता पडता राहिले.

बुधवार

मन मोकळे करते. दुसरीकडे कुठे करणार?

सकाळी बाथरूममधल्या खुंटीवर पिशवी होती. मी उघडली. आतले पॅड जड झाले होते, चांगलेच भिजलेले. हे माझ्या हाताने न्यायचे, इस्त्री केलेल्या कोटांशेजारी ठेवायचे, आणि मग त्या बाईने टेबलावर उलगडून बघायचे? माझ्या काउंटरवरून आजवर मळका कपडा कुणाच्या हातात गेलेला नाही. लोक बाहेर काय म्हणतील, की लाँड्रीवालीच्या घरात बायका अंथरुणात मुततात आणि सासू ते पिशवीत घालून मिरवते.

मी ते टाकून दिले. त्याच पाकिटातले नवे पॅड घेतले, जरा चुरगळले, पिशवीत भरले. त्यात मला खोटे असे काही वाटले नाही. लघवी ती लघवी. ती बघून डॉक्टरीणबाईंना कळणार काय होते?

एक गोष्ट मात्र लिहून ठेवते. वास लघवीचा नव्हता. सवयीने नाक जवळ नेले, धंद्यात ते करावेच लागते. गोडसर होता. तिच्या त्या पोटाला चोळायच्या क्रीमचा असणार. ती त्यात न्हातेच.

दवाखान्यात गर्दी होती. डॉक्टरीणबाईंनी कोट घेतले, हात फिरवून म्हणाल्या, "मावशी, तुमच्यासारखं काम कुणी करत नाही." मग पिशवी उघडली. "कोरडंच आहे की. बरं झालं. म्हणजे लघवीच असेल, या दिवसांत होतं. तिला सांगा, घाबरू नको. पण परत भिजायला लागलं तर लगेच यायचं."

मी म्हटले, "सांगते."

घरी येऊन सांगितले. घाबरू नको, इथपर्यंत.

शनिवार

दोन दिवस लिहिण्यासारखे काही नव्हते. चादरी धुण्यातच गेले. आज मात्र वाजले.

जेवताना ती म्हणाली, "मला परत दाखवायचंय. अजून जातंय."

लेक म्हणाला, "अगं, डॉक्टर म्हणाल्या ना, कोरडं होतं?"

"कोरडं कसं असेल? घातलं मी होतं. मला माहीत नाही का?"

"मग काय, डॉक्टर खोटं बोलल्या?"

"मी तसं म्हटलं नाही." ती विम्याच्या कंपनीत दाव्यांची तपासणी करते. लोकांचे खोटे पकडायची नोकरी. त्यामुळे आवाज न चढवता उलटतपासणी घ्यायची सवय आहे. "पिशवी दवाखान्यात कुणी नेली?"

"मी नेली," मी म्हटले. "का? वाटेत उन्हात वाळवली असं म्हणायचंय?"

"मी फक्त विचारलं, आई."

"फक्त विचारलं. बॉयलरचंही फक्त विचारलंच होतंस."

लेकाने चमचा आपटला. "झालं. आला बॉयलर."

"येणारच. ज्याच्यावर तू लहानाचा मोठा झालास ना, तो बॉयलर आहे तो. हिला तो अडगळ वाटतो. मीही वाटते. आता घरात आजारपण काढलं की झालं, सगळ्यांनी हिच्याभोवती पिंगा घालायचा."

ती ताटावरून उठली. उठताना खुर्चीवर ओले दिसले. तिने ते पाहिले, मीही पाहिले, लेकाने तेवढे पाहिले नाही कारण तो माझ्याकडे डोळे वटारून बघत होता.  ती मान खाली घालून फडके आणायला गेली. आपल्यावर कुणी विश्वास ठेवत नाही म्हटल्यावर माणूस गप्प होते. तेच झाले असावे. मला त्यात जिंकल्यासारखे वाटायला हवे होते.

मी मूग गिळून बसले. आता सांगायचे म्हणजे काय सांगायचे? मी पॅड बदलले असे? लेक जन्मभर तोंड बघणार नाही.

रविवार

सगळ्या घराला सर्दी झाली आहे. दुकानातल्या इस्त्रीवाल्याने आधी आणली, मग मला, मग तिला. इस्त्रीवाला म्हणाला, "बाई, तुमच्या घरात एवढं भांडण होतं, जंतूंना उभं राहायला जागा कुठून मिळाली?" त्याला हाकलून कामाला लावले.

तिची चादर बदलली. कालपासून वास वेगळा येतो आहे. गोडसर नाही, कुबट. खोलीची खिडकी उघडत नाही, दुसरे काय. तिला तसे म्हटले तर म्हणाली, "थंडी वाजते." अंग जरा कोमट लागले. सर्दीचेच असणार.

चादर उकळत्या पाण्यात टाकली. एरवी मी तसे करत नाही, रंग जातो.

सोमवार

 दवाखान्याच्या बाकावर बसून, कोटांच्या पावतीच्या मागच्या बाजूला लिहिले होते, ते इथे नीट उतरवते.

सकाळी जिन्यात तिला खोकल्याची उबळ आली आणि धो धो पाणी. पायावरून, चपलेत, पायऱ्यांवर. ती कठडा धरून उभी राहिली आणि लेकाला म्हणाली, "आता दिसतंय का?" लेकाचा चेहरा पांढराफटक. मी फडके आणायला वळले. खरेच वळले. लेक ओरडला, "आई, फडकं सोड."

दवाखान्यात मला आत येऊ देणार नव्हते, पण डॉक्टरीणबाई ओळखीच्या. या खेपेला त्यांनी तिला अर्धा तास नुसते उताणे झोपवून ठेवले, मग आतून तपासले आणि खोकायला सांगितले. पाणी साठलेले स्पष्ट दिसले. त्यातला एक थेंब काचेच्या पट्टीवर घेऊन तसाच वाळू दिला आणि सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. लेकाला बघायला बोलावले, मग मलाही. पानांसारखी नक्षी उमटली होती, शिरा न् शिरा. लघवीची अशी होत नाही, त्या म्हणाल्या. गर्भपिशवी फुटली आहे, हे नक्की.

मी म्हटले, "आज फुटली."

त्या म्हणाल्या, "तोच तर प्रश्न आहे."

पुढचे त्यांनी लेकाला समजावले, मी शेजारीच उभी होते. आजच फुटली असेल तर थांबता येईल. बाळ लहान आहे, फुप्फुसे कच्ची आहेत. इंजेक्शने द्यायची, औषधे द्यायची, आणि जेवढे दिवस आत राहील तेवढे राहू द्यायचे. ताप थोडासा आहे, तो सर्दीचा असू शकतो, घरात सगळ्यांनाच आहे. रक्ताचा रिपोर्टही धड इकडचा नाही, धड तिकडचा नाही. पण पाणी जर आठवडाभर जात असेल, तर हा ताप सर्दीचा समजता येणार नाही. आतमध्ये संसर्ग झाला असेल, आणि मग थांबणे म्हणजे बाळाला त्यात ठेवणे. आईलाही धोका. मग आजच बाहेर काढावे लागेल.

"मी आठवडाभर सांगतेय," ती कॉटवरून म्हणाली. आवाज बसला होता.

"हो, पण पॅड कोरडं होतं गं. मी स्वतः बघितलं. भरपूर जात असतं तर त्या दिवशी दिसलंच असतं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. चिडून नाही, समजावून. "तेव्हा लघवीच असणार, आणि हे आज नवीन. मला वाटतं, आपण थांबू."

लेकाने मान हलवली. ती भिंतीकडे तोंड करून पडली.  एकदा सांगून झाले, दहादा सांगून झाले, आता कुणाला सांगायचे, असे तिच्या पाठीवरून दिसत होते.

मला ती आवडत नाही. आजही आवडत नाही. पण ते पोर माझ्याही घरचे आहे, आणि ते कुबट वासात पडले होते.

मी म्हटले, "ते पॅड तिचं नव्हतं."

कुणाला कळलेच नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "काय?"

"मी नवं भरलं होतं. तिचं टाकून दिलं. भिजलेलं होतं. जड झालं होतं."

लेक माझ्याकडे बघत राहिला.  मला वाटले तो मारेल. मारायला हवे होते, बरे वाटले असते.

डॉक्टरीणबाई एकदम माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. माझ्याच इस्त्रीचा कोट. "रंग कसा होता? वास? नीट आठवा, मावशी. अंदाज नको."

इथे खोटे बोलता आले असते. भिजलेले होते, पण मला वाटले लघवी, असे म्हटले असते तर कुणी काय करणार होते? म्हातारी आहे, चुकली, म्हणाले असते. पण त्यांना वास हवा होता, आणि तो फक्त मला माहीत होता.

"रंग नव्हता. पाण्यासारखं. वास गोडसर. लघवीचा नव्हता."

"नव्हता हे तुम्हाला तेव्हाच कळलं?"

"हो."

"आणि नंतर? चादरी कोण धुतं?"

"मीच. शनिवारपासून वास बदलला. कुबट येतो. काल जास्त होता."

भिंतीकडे वळलेली ती या कुशीवर आली. माझ्याकडे तिने पाहिले त्यात राग नव्हता. रागाचे मला काही वाटत नाही, माझे रागावरच चालते. तिने पाहिले तसे आपण दारात आलेल्या अनोळखी माणसाकडे बघतो.

डॉक्टरीणबाईंनी तिच्या पोटावर हात दाबून पाहिला, ती कळवळली. बाळाचे ठोके पुन्हा मोजले. मग मागे वळून कुणाला तरी म्हणाल्या, ऑपरेशनची तयारी करा. जाता जाता थांबल्या. "मावशी, मी तुमच्या भरवशावर तिला घरी ठेवलं. पॅड बघून निरोप दिला, तिला परत बोलावून तपासलं नाही, ही माझी चूक. ती मी बघेन. तुमची तुम्ही बघा."

त्या स्वतःच म्हणाल्या, त्यांचीही चूक आहे. हे मी लक्षात ठेवले आहे.

मंगळवार

मुलगा झाला. मुठीएवढा. रडला, पण मांजराच्या पिलासारखा. श्वासाला नळी लावली आहे. आत संसर्ग होताच, पाणी गढूळ निघाले. आणखी दोन दिवस थांबलो असतो तर दोघांपैकी कुणाची खात्री दिली नसती, असे डॉक्टरीणबाई लेकाला म्हणाल्या.

लेक माझ्याशी बोलला नाही. जेवायचा डबा दिला तो घेतला, एवढेच.

गुरुवार

लाँड्री दोन दिवस बंद. इस्त्रीवाल्याला काय झाले ते कुठूनतरी कळले आहे. आज मला पाहून त्याने एकही थट्टा केली नाही. त्यापेक्षा केली असती तर बरे.

शुक्रवार

नळी काढली. आपला आपण श्वास घेतो आहे. हे मला लेकाकडून नाही, दवाखान्यातल्या झाडूवालीकडून कळले.

मी पळत वरच्या मजल्यावर गेले. ज्या खोलीत बाळ काचेच्या पेटीत आहे, तिथे आईशिवाय दोनच माणसे आत जाऊ शकतात, आईने ज्यांची नावे दिली तीच. दारावरच्या नर्सने विचारले, कोण? मी म्हटले, आजी. तिने पाहिले आणि म्हणाली, "तुमचं नाव नाहीये."

लेक बाहेरच उभा होता. मी त्याला धरले. तो दुसरीकडे बघत म्हणाला, "तिनं माझं आणि तिच्या बहिणीचं दिलंय." बहीण. काल परगावाहून उगवली. सबंध आठ महिन्यांत जिने एक फोन केला असेल तर शपथ. आणि चादरी मी धुतल्या.

माझे टाळके फिरले. तशीच तिच्या कॉटपाशी गेले. ती उशीला टेकून बसली होती, अजून पिवळी दिसते.

"माझं नाव का नाही?"

"तुम्हाला माहीत आहे, आई."

"मी सांगितलं म्हणून तर सोमवारी काढलं त्याला. डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या ते ऐकलंस ना? मी तोंड शिवून बसले असते तर?"

"हो. सोमवारी सांगितलंत." तिचा तो शांत आवाज. "बुधवारपासून माहीत होतं."

"मी काही मुद्दाम तुझं वाईट करायला गेले नव्हते."

"मुद्दाम केलं असतंत तर मला सोपं गेलं असतं. तुम्ही मला घाणेरडी समजून केलंत." ती दम घ्यायला थांबली. टाके दुखत असणार, पोटावर हात होता. "बॉयलर ठेवा. दुकान ठेवा. मला त्यातलं काही नको. पण तो आत आहे तोपर्यंत त्याच्याजवळ अशीच माणसं राहतील, जी मी सांगितलेलं खरं मानतील."

"आणि बाहेर आल्यावर?"

"तेव्हा बघू."

मला पुष्कळ बोलायचे होते. एरवी मी कुणाला शेवटचा शब्द घेऊ देत नाही. पण तिची बहीण पाण्याचा पेला घेऊन आली आणि मला बाजूला व्हावे लागले.

जिना उतरताना तिला मनातल्या मनात नको नको ते बोलले. उपकाराची जाण नाही, मोठ्यांची चाड नाही, माझा लेक गेला तो गेलाच, आता नातूही नेला. खालच्या बाकावर बसले आणि रडू कोसळले. लेक मागून आला होता. तो शेजारी बसला, पण हात लावला नाही. त्याला वाटले असेल मी बाळासाठी रडते आहे. बाळासाठी होतेच.

पण घरी आल्यापासून दुसरेच एक डोक्यातून जात नाही, ते इथे लिहिते. मी तिच्या जागी असते, तर मीही सासूचे नाव दिले नसते. बहिणीचे दिले असते, आणि सासू दारात उभी आहे म्हणून एवढेसुद्धा समजावून सांगितले नसते. हे तिला सांगितले पाहिजे. मी काही ते सांगणार नाही.